आधी आपला, मग शेजारच्याचा

पुन्हा सांगू? अहो, परवाच सांगितलं की. मी इथं दाढीला आलोय, भाषणाला नाही. तोंडाला साबण फासून ठेवायचा आणि म्हणायचं, ‘काका, ते विमानाचं होऊ द्या.’ सांगतो, पण कोणी हसलं तर तसाच साबणासकट घरी जाईन.

तर तुम्हाला सांगतो, मुलीला बाळ झालं म्हणून जावयानं तिकिटं काढली. मी आणि आमची ही. खिडकी तिनं घेतली, म्हणाली, तुम्ही घोरणार, तुम्हाला खिडकी कशाला. बसलो. पट्टा आवळला. तेवढ्यात एक हवाईबाई पुढं उभी राहून हातवारे करायला लागली. बघतंय कोण? सगळे मोबाइलात. पण ही... जन्मात माझं एक वाक्य शेवटपर्यंत ऐकलं नाही, तिनं त्या बाईचा शब्द न् शब्द ऐकला. काय, तर विमानातली हवा कमी झाली की वरून मास्क पडणार, आणि तो लावायचा आधी आपला, मग शेजारच्याचा.

मी सहज विचारलं, सहज हं, ‘समजा पडलाच, तर तू आधी माझा लावशील ना?’

‘नाही.’

विचार नाही, आवंढा नाही, सरळ ‘नाही’. लग्न झाल्यापासून पहिला चहा माझा, पहिलं ताट माझं, पाऊस आला तर छत्री माझ्या डोक्यावर, आणि जिवावर बेतलं की आधी आपला, मग शेजारच्याचा? आणि मी शेजारचा कधी झालो?

बोलावलं हवाईबाईला. म्हटलं, हिला समजावा जरा. ती गोड हसून वाकली, ‘आजोबा, काकू बरोबर म्हणतायत. त्याच बेशुद्ध पडल्या तर तुम्हाला कोण लावणार?’

‘माझा मी लावीन की.’

तर ही खिडकीकडं बघत म्हणते, ‘चष्मा कपाळावर असतो आणि घरभर शोधत फिरतात. हे मास्क लावणार.’ मागची अख्खी रांग हसली. ते जाऊ द्या. मी आजोबा आणि ही काकू? अहो, एकाच दिवशी लग्न झालंय आमचं.

मग मी रुसलो. जेवण नको म्हटलं, पाणी नको म्हटलं, आणि कुठं बोलू नका, पट्टाही गुपचूप सोडून नुसता मांडीवर ठेवला. तुमचे नियम तुमच्यापाशी. थोड्या वेळानं वर दिवा लागला, टिंग झालं, आणि विमान जे हवेतल्या हवेत खाली आदळलं... खड्ड्यातला टेम्पो परवडला. मी उडालो, टाळकं वर आपटलं, चष्मा गेला, पट्ट्याचं टोक काही हाताला लागेना. म्हटलं, संपलं, नातवाचं तोंड बघणं काही नशिबात नाही.

आणि ही? हिनं शांतपणे आधी स्वतःचा पट्टा आवळला. खोटं कशाला सांगू, आधी स्वतःचाच. मग वळली, माझी दोन्ही टोकं हुडकली, खटकन लावली आणि असा ओढला की सकाळचा नाश्ता आठवला. आणि विमान टेकेपर्यंत माझ्या पट्ट्यावरची मूठ काही सोडली नाही. बोटं पांढरी पडली होती तिची.

हवाईबाई आली. ‘शाब्बास, काकू.’ आणि मला, ‘आजोबा, फार लागलं का?’ लागलं होतंच, पण डोक्याला नाही.

नातू बघितला. माझ्यावर गेलाय, सारखा ओरडतो.

पण घरी परतल्यापासून बघा, चहा झाला की ही आधी स्वतःचा कप भरते, खुर्चीत बसून निवांत पिते, मग माझा. विचारलं तर म्हणते, ‘मी शुद्धीवर असले तर तुम्हाला चहा.’ झालं. आधी आपला, मग शेजारच्याचा. कोमट मिळतो. पितो. करता काय, प्यायला जिवंत आहे तो तिच्यामुळंच, तिला कसली माफी मागायला लावू?

हां, फिरवा आता वस्तरा, साबण वाळला. आणि पुढच्या महिन्यात परत विमानानं जायचंय, तेव्हा मिशी जरा काळी करता येते का बघा. माफी एकीकडूनच घ्यायची राहिलीय, त्या ‘आजोबा’ म्हणणाऱ्या हवाईबाईकडून.