कमरेपर्यंत चिखल

दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते. चिखलाने माखलेली एक बाई त्यांच्यापाशी आली.

"काका, तुमची मुलगी माझ्याच टीममध्ये आहे. पाणथळीचं सर्वेक्षण मी बघते."

"रुतली म्हणे. किती?"

"कमरेपर्यंत. पक्षी मोजत होतो आम्ही. वर गवत होतं, खाली नुसता गाळ."

"मग?"

"मी आडवी झाले, फळी सरकवत तिच्यापर्यंत गेले. चाळीस मिनिटं लागली. ती अजिबात हलली नाही, म्हणून निघाली."

"घरी एक मिनिट स्वस्थ बसत नाही हो ती."

"डॉक्टर म्हणाले, पाय फक्त मुरगळलाय. संध्याकाळी घरी सोडतील."

"जीव भांड्यात पडला. रस्ताभर ठरवत आलो होतो, तुम्हाला चांगलं फैलावर घ्यायचं."

"घ्या ना काका. ती वाट मीच आखली होती."

"आणि तिला बाहेर काढलंतही तुम्हीच. आता काय बोलू?"

"तिला काम सोडायला लावणार?"

"माझं ऐकतेय ती. पण यापुढे आधी काठी टोचून बघायची, मग पाऊल."

"हो काका."

"चिखल वाळला अंगावर तुमच्या. घरी कळवलंत?"

"नाही अजून."

"कोण असतं घरी?"

"आई."

"मग आधी तिला फोन करा. मी पोरीला बघून येतो."