कार्यालयाचं दार

दातांच्या दवाखान्यात शिंपीणबाईंनी तोंडासमोर मासिक धरलं होतं; कान मात्र शेजारच्या दोघी जावांकडे होते.

"काल कामगार संघटनेची निवडणूक हरले, आणि आज सकाळीच भाऊजी गेले कुठे?"

"जिंकलेल्याला कार्यालयाची किल्ली द्यायला, ताई."

"त्याला दोन तास?"

"ते दार नुसत्या किल्लीनं उघडत नाही. आधी खांद्यानं वर उचलावं लागतं. ते शिकवत बसले."

"मागच्या खेपेला भाऊजी जिंकले, तेव्हा त्यानं शिकवलं होतं?"

"कुठलं. महिनाभर हे खिडकीतून आत चढायचे."

"मग आता चढू दे की त्याला."

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, त्याचं पोट बघितलंस? तो खिडकीत अडकला, तर उद्या माझी तक्रार घेऊन मी कोणाकडे जाऊ?"