साडेचार इंचांचा तपास

मंगळवार, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. स्थळ, हाडांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातली बाहेरची खोली. नव्या खुर्च्यांवर चार माणसं, चौघांची वयं मिळून तीनशे दोन, आणि चौघांपैकी एकालाही उठता येत नव्हतं.

त्या चौघांतला एक मी. आता माझ्यावरच बेतलं म्हणून मी बोंब मारतोय असं तुम्हाला वाटेल, तर वाटू दे, छत्तीस वर्षं बातमीदारी केली, लोकांना काय वाटेल याचा विचार करत बसलो असतो तर एक ओळ छापून आली नसती. पण तुम्हीच सांगा, काउंटरवरची ताई पुकारतेय, "नंबर पाच, आत या," आणि नंबर पाच म्हणतोय, "आलो," आणि येत नाहीये. ती थांबली, थांबली, मग म्हणाली, "बरं, सहा?" सहा म्हणजे काठीवाल्या आजी, वय एक्क्याऐंशी. त्या म्हणाल्या, "आले गं," आणि काठी जमिनीला टेकली, जोर लावला, अर्ध्यापर्यंत वर आल्या आणि पुन्हा खाली. सात नंबरचे आजोबा तर नुसते हसत होते, त्यांनी प्रयत्नच सोडला होता. आणि आठ मी. आजी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो भाऊ, तुम्ही तरणे आहात, तुम्ही आधी उठा आणि मग आम्हाला ओढा." चौसष्टाव्या वर्षी मला कोणीतरी तरणा म्हणालं आणि मला उठून आभार मानता आले नाहीत.

आणि यात सगळ्यात वाईट काय, सांगू? त्या खुर्च्या आमच्या हिने केलेल्या होत्या.

म्हणजे हिने रंधा मारला नव्हता, हिने ठरवल्या होत्या. आमची ही तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवत होती. निवृत्त झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात म्हणाली, "अहो, मी घरांच्या आतल्या सजावटीचा अभ्यासक्रम करतेय." म्हटलं, कर. पडदे, कुशनं, भिंतीला रंग, मला वाटलं तेवढंच असेल. तर कसलं काय! पहिली सहामाही एक पडदा नाही, एक कुशन नाही, नुसता इतिहास. जेवायच्या टेबलावर पुस्तकं, ताट मांडीवर. मी विचारलं, "अगं, हे सगळं कशाचं?" तर म्हणे, "खुर्चीचं." मी म्हटलं, खुर्ची म्हणजे काय? चार पाय, एक पाठ, झालं. यात शिकायचं काय?

त्यांना शिकवणाऱ्या मॅडम हिच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान, पण करड्या. त्यांचा नियम असा की कागदावर पहिली रेघ मारायच्या आधी विचारायचं, ही वस्तू अशीच का झाली? आणि ही मला विचारायची, कारण घरात दुसरं कोण आहे? "अहो, पूर्वी मोठ्या घरांत खुर्च्या भिंतीला लावून का ठेवायचे?" मी म्हटलं, झाडायला बरं. तर म्हणाली, "फार लांब नाही आहात. मधली जागा मोकळी ठेवायचे, लागेल तेव्हा नोकर खुर्च्या उचलून आणायचे. मग चांगला उजेड देणारा दिवा आला, तो मधल्या टेबलावर ठेवला, आणि सगळं घर त्याच्याभोवती येऊन बसलं. दिवा बदलला आणि खुर्च्या हलल्या." मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. तुम्हाला सांगतो, मला आवडलं ते. पण दाखवलं नाही.

मग म्हणाली, हात असलेली खुर्ची पूर्वी फक्त घरातल्या मुख्य माणसाला, बाकीचे बाकड्यावर नाहीतर तिपाईवर. आणि मुख्य माणूस नेहमी थोडा उंच. ज्याची बैठक उंच, त्याचा शब्द मोठा. मी म्हटलं, हे सांगायला पुस्तक कशाला, कुठल्याही सरकारी ऑफिसात जा. तर तिने पेन उघडलं. "थांबा. तुम्ही कुठे कुठे ताटकळलात ते सांगा. बसायला काय होतं?"

तुम्हाला खरं सांगतो, छत्तीस वर्षांत मी काही हजार माणसांना प्रश्न विचारले असतील, मला कोणी प्रश्न विचारायची ती पहिली वेळ. दोन तास बोललो. न्यायालयाबाहेरचं लोखंडी बाकडं, त्याची पट्टी मांडीत रुतते. मोठ्या अधिकाऱ्याच्या केबिनबाहेरचा सोफा, इतका खोल की साहेब बाहेर आले की आपण धडपडत उठतो आणि पहिला प्रश्न विसरतो. रुग्णालयातल्या एकमेकींना जोडलेल्या खुर्च्या, एक रडला की सगळी रांग हलते. ही लिहून घेत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे थांबणाऱ्याचा विचार कोणीच केला नाही. खोली नेहमी आतल्या माणसासाठी केली." तिला तिचा विषय मिळाला.

आणि काम पण मिळालं. आमचे हाडांचे डॉक्टर, माझा गुडघा त्यांच्याकडे असतो, ते म्हणाले, "बाहेरची खोली जुनी झालीय, वहिनी, करा काहीतरी." हिच्या अभ्यासक्रमाचं शेवटचं काम हेच ठरलं. गुरुवारी दुपारी चार वाजता मॅडम आणि बाहेरच्या परीक्षक बाई प्रत्यक्ष खोली बघायला येणार, त्यावर पास की नापास. अठ्ठावन्नाव्या वर्षी नापास व्हायचं म्हणजे काय, ते शिक्षिकेला विचारा. तीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या वहीवर लाल पेन चालवलेलं.

चार महिने खपत होती ती. चौदा खुर्च्या, प्रत्येकीला हात, कारण इथे मुख्य माणूस म्हणजे ज्याचा गुडघा दुखतो तो. बैठक जमिनीपासून बरोबर अठरा इंच. मला घरात पुस्तकांच्या थप्पीवर बसवून उठवून बघितलं, सोळा इंच, सतरा, अठरा, हातात घड्याळ. मी म्हटलं, अगं, खुर्ची म्हणजे काय? चार पाय, एक पाठ... "बसा. आता उठा. सहा सेकंद. पुन्हा."

एका संध्याकाळी पुस्तकातलं चित्र दाखवलं, तीनशे वर्षांपूर्वीची खुर्ची, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, 'पाय नंतर कापलेले. कोणी व कशासाठी, ज्ञात नाही.' मी भडकलो. ही काय माहिती झाली? तीनशे वर्षांत एकालाही विचारावंसं वाटलं नाही? माझ्या हाताखालच्या पोराने अशी बातमी आणली असती तर मी ती त्याच्या हातात परत दिली असती. ही म्हणाली, "प्रत्येक गोष्टीला साक्षीदार नसतो हो." मी म्हटलं, साक्षीदार असतोच, विचारणारा नसतो.

हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या ते फार अंगाशी आलंय.

तर मंगळवार, अकरा वीस. काउंटरवरच्या ताईने घाबरून आमच्या हिला फोन केला, आणि डॉक्टरांनी स्वतः बाहेर येऊन आम्हाला एकेक करून उपसलं. खुर्च्यांना हात होते, नाही असं नाही, पण गुडघा छातीशी आला की हात तरी काय उचलणार? वर खुर्च्या डुगडुगत होत्या, चौदाच्या चौदा. ही आली. मला वाटलं आता आवाज चढवेल. नाही. पर्समधून टेप काढली, गुडघे टेकून बसली, पहिली खुर्ची मोजली, दुसरी मोजली, पाचवी मोजली. मग टेप गुंडाळली आणि म्हणाली, "साडेतेरा."

बस्स. एवढंच. चौदा खुर्च्या, छप्पन्न पाय, प्रत्येकाचे साडेचार इंच कापलेले. तेही हाडांच्या डॉक्टरांकडे, जिथे माणूस पाय वाचवायला येतो!

मी वही काढली. पहिला जबाब ताईचा. "मला काहीच माहिती नाही, काका. शनिवारी गेले तेव्हा उंच होत्या, सोमवारी पेशंट नसतात, मी एकटी आले तेव्हा बुटक्या. मला वाटलं मीच दमलेय."

मग डॉक्टर. "मी एवढंच म्हणालो होतो की फोटो दिसत नाही. पाय कापा असं मी म्हणेन का?"

कुठला फोटो? भिंतीवर मोठा फोटो आहे, डॉक्टरांकडे गुडघे बदलून घेतलेल्या पहिल्या शंभर जणांचा, मधे डॉक्टर. नव्या खुर्च्यांवर माणसं ताठ बसली की त्यांच्या डोक्यांआड खालच्या दोन रांगा जात होत्या. आणि खालच्या रांगेत कोण? काठीवाल्या आजी. त्या म्हणाल्या, "माझं तोंडच झाकलं होतं हो. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी दाखवते ना, ही मी म्हणून." मी विचारलं, "मग तुम्ही कोणाला सांगितलंत?" "मी? मी सगळ्यांना सांगितलं."

फोटो वर घ्यायला दोन खिळे लागले असते. दोन. त्याऐवजी छप्पन्न पाय कापले.

सुतार सापडला दुपारी. "काका, मला फोन आला, खुर्च्या खाली घ्या." कोणाचा? "दवाखान्यातून." बाई की पुरुष? "घाईत होतं कोणीतरी." किती इंच ते कोणी सांगितलं? "डोकी फोटोच्या खाली आली पाहिजेत म्हणाले, मी बसून बघितलं." दवाखान्याचं दार कोणी उघडलं, रविवार होता ना? "उघडंच होतं की." मी त्याच्याकडे बघतोय, तो माझ्याकडे बघतोय, आणि तुम्हाला सांगतो, तो खोटं बोलत नव्हता. छत्तीस वर्षांत मला खोटं बोलणारे पुष्कळ भेटले, त्यांची गोष्ट इतकी गचाळ नसते.

रात्रभर मी चडफडत होतो, ही शांत. मी म्हटलं, "तुला राग कसा येत नाही? परवा परीक्षा आहे." तर म्हणाली, "राग आला ना. पण इतके दिवस मी वाचलं काय? कोणीतरी एक ठरवतं, मग लोक येतात आणि आपल्याला हवं तसं करून घेतात. मी फोटो बघितलाच नाही, अहो. सगळ्यांचे गुडघे मोजले, त्यांना बघायचं काय आहे ते विचारलं नाही. चूक माझी पण आहे." मी उठून हिच्यासाठी पाणी आणलं. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, तिला वाटलं मला बरं नाहीये.

बुधवारी सुताराने सांगितलं, तुकडे टाकलेले नाहीत, पोत्यात भरून जिन्याखाली ठेवलेत, आत खुंटी घालून परत जोडून देतो. पोतं उघडलं, मोजलं. बावन्न. पुन्हा मोजलं. बावन्नच. छप्पन्नात चार कमी. म्हणजे तेरा खुर्च्या उभ्या राहिल्या आणि चौदावी बुटकीच राहिली. फोटो दोन खिळे ठोकून वर घेतला, आजी पुन्हा दिसायला लागल्या.

गुरुवार, चार वाजता. मॅडम आणि परीक्षक बाई आल्या. परीक्षक बाई चांगल्या भारदस्त, सत्तरीच्या. एका खुर्चीवर बसल्या, उठल्या, मान डोलावली. मग नेमक्या चौदाव्या खुर्चीवर बसल्या. आणि बसूनच राहिल्या. ही त्यांच्या शेजारी उभी राहून सांगत होती, बैठक कोणाची उंच असायची, कोणाची नाही, बाकडी अशी का झाली, अठरा इंच का, आणि साडेतेरा कसे झाले. काही लपवलं नाही. फोटोचंही सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट. बाई म्हणाल्या, "पुरे. मला पटलं. आता मला हात द्या."

पास झाली. पहिल्या श्रेणीत.

डॉक्टर इतके खूश की सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. म्हणाले, "वहिनी, तुमच्या अभ्यासात खरंच काहीतरी आहे. बाहेरची खोली झाल्यापासून माझ्यात फरक पडलाय. आत्मविश्वास वाढलाय. पेशंट मुकाट्याने ऐकतात." आणि ते बोलत होते तेव्हा आमची ही त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती खाली बघत होती. मग खाली वाकली. डॉक्टरांच्या जुन्या लाकडी खुर्चीच्या चार पायांखाली चार ठोकळे, तेच लाकूड, तेच पॉलिश. तिने टेप काढायची गरज नव्हती, तरी काढली.

डॉक्टर खरोखर चकित झाले. "हे इथे कोणी लावले?" मला विचारतात! ताईला विचारलं, तिला माहीत नाही. झाडणाऱ्या मावशींना विचारलं, त्या म्हणाल्या, मी तर त्यांच्याभोवतीनं झाडते. सुतार शपथेवर सांगतो, मी आतल्या खोलीत पाऊलच टाकलं नाही. ही म्हणाली, "डॉक्टर, काढू का? बाहेरची एक खुर्ची खोळंबलीय." डॉक्टरांनी खुर्चीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "राहू द्या आता. सवय झालीय."

तर अशी परिस्थिती आहे. तेरा खुर्च्या उंच, चौदावी बुटकी, आणि दर मंगळवारी मी पोचेपर्यंत तेरा भरलेल्या असतात. बसतो. आजी वरून बघतात आणि म्हणतात, "बसा भाऊ, तुम्ही तरणे आहात." खुर्ची म्हणजे काय, चार पाय, एक पाठ, असं मी आता कोणासमोर म्हणत नाही.

माझी वही भरली. सात जणांना विचारलं, काहींना तीनदा. शेवटी हिने आपल्या कामाच्या फायलीत चौदाव्या खुर्चीचा फोटो चिकटवला, मला न विचारता त्याखाली एक ओळ लिहिली आणि माझ्यासमोर ठेवली. मी चष्मा लावला, दोनदा वाचली, आणि दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही. 'पाय नंतर कापलेले. चार तुकडे डॉक्टरांच्या खुर्चीखाली. कोणी लावले, ज्ञात नाही.'