तुमच्या नावापुढे काही नाही

नाही, तिथे नको मॅडम, त्या खुर्चीचा पाय डुगडुगतो — इकडे पलंगावर बसा, ही खोकी मी सरकवते. तुम्ही किती हळू दार वाजवलंत, तरी बघा ना, दचकलेच मी. कॉलेजात शिकवायचात तेव्हा वर्गात तुम्हीच नाव ठेवलं होतंत, दचकू. फळ्यावर खडू कर्रकन वाजला की सगळ्यांच्या आधी मी दचकायची, आणि तुम्ही मागे न वळताच विचारायचात, दचकू, आहेस ना गं जिवंत? — आई खाली गेलीय, दूध आणायला. तुम्ही येणार हे कळलं असतं तर गेलीच नसती. येईलच इतक्यात, म्हणून म्हणते, जे काय बोलायचंय ते ती यायच्या आत बोलून घेऊ.

तर ती नोंद. तुमच्या सहायकाचा फोन आला होता मला — एकच शब्द टाकायचाय हो ताई, म्हणाले. भाडेकरूंना घराबाहेर काढायच्या त्या विधेयकासमोर, तुमच्या नावापुढे, ‘विरोध’. निवडणूक तोंडावर आलीय, लोक आमच्या ऑफिसच्या संकेतस्थळावर जाऊन सभागृहातल्या सदस्याचं पान उघडतात, कुणी कुठे काय मत दिलं ते बघतात, आणि तुमच्या पानावर नेमकी तीच जागा कोरी. बरं दिसत नाही, कबूल. पण मॅडम, ते पान मी भरते म्हणजे मनानं नाही हो भरत. सदस्यांनी बटणं दाबली, फलकावर नावं उमटली, सभागृहानं ती जाहीर केली, की मी एकेक नाव ताडून घेते — बाजूनं असेल तर हिरवा ठिपका, विरुद्ध असेल तर लाल, गैरहजर असेल तर राखाडी. एक ठिपका इकडचा तिकडे झाला तर जेवण जात नाही मला. आणि आवाजी मतदान झालं तर? तर काय, अध्यक्ष विचारणार, बाजूचे ‘हो’ म्हणा, विरुद्धचे ‘नाही’ म्हणा, सगळे मिळून ओरडणार, अध्यक्षांच्या कानाला जो आवाज मोठा वाटेल तो जिंकला. नावं नाहीत, ठिपके नाहीत. — मी तुम्हालाच शिकवायला लागले, बघा. तुम्हीच तर दुसऱ्या वर्षाला हे वर्गात करून दाखवलं होतंत. नुसता कल्ला, बाकं बडवतायत सगळे, शेजारच्या वर्गावरचे सर धावत आले होते. आणि मग तुम्ही मला उभं केलंत, मलाच, आणि म्हणालात, म्हण, मतविभाजन हवं. मी म्हटलं कसंबसं. लगेच प्रत्येकाला आपलं नाव सांगून मत द्यावं लागलं, आणि मघाशी बाकं बडवणारे निम्मे एकमेकांची तोंडं बघायला लागले. तुम्ही म्हणालात, बघितलंत, एवढ्याशा आवाजात एकानं मागितलं तरी सगळ्यांना आपापल्या नावानं उभं राहावं लागतं. त्या एका तासापायी मी या नोकरीत आले मॅडम. आईला वाटत होतं मी बँकेत लागेन.

भाषण? केलंत ना. नाही कुठे म्हणतेय मी, ऐकलंय की. इथे बसून नाही — तिथेच. वर गॅलरीत, खांबामागे. तुम्हाला माहीत नव्हतं? मी रजा काढली होती, आईला घेऊन आले होते, तिनं ठेवणीतले कपडे घातले होते. आमच्या याच जिन्यात उभं राहून तुम्ही सांगितलं होतंत, मतविभाजन मागेन, एकेकाला नावानिशी उभं करीन, तुम्हाला घराबाहेर कोण काढतंय ते दिसू दे जगाला. तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकू बायकांना घेऊन सभागृहाबाहेर धरणं धरणार होत्या, त्यांना मी अडवलं. म्हटलं, काकू, कशाला उन्हात बसता, मॅडम आहेत. काकू म्हणाल्या, तुझ्या मॅडमवर माझ्या मशीनएवढा तरी भरवसा ठेवू का? मी म्हटलं, जास्त ठेवा. — आणि बोललात तर काय सुंदर. आईचे डोळे भरून आले. घर मालकाचं असतं पण त्यातली वर्षं भाडेकरूची असतात, असं म्हणालात ना, तेव्हा आईनं मला कोपरानं ढोसलं, म्हणाली, आपल्याच घरात सुचलंय हे तिला. सुचलंही असेल. तासभर बसला होतात त्या दिवशी.

मग अध्यक्षांनी विचारलं. हो म्हणणारे, नाही म्हणणारे, दोन्ही झालं. म्हणाले, होकार जास्त दिसतोय — आणि थांबले. थांबतातच ते, मी रोज बघते, कुणी मतविभाजन मागतंय का म्हणून थांबतात. आणि तुम्ही चष्मा शोधत होतात. पिशवीत, बाकाखाली, परत पिशवीत. मला वाटलं, सापडला की उठतील. चष्मा नाकावरच होता मॅडम, वरून स्पष्ट दिसत होता. शब्द माझ्या जिभेवर आला होता, खरंच, पण गॅलरीतल्या माणसाला तिथे तोंड उघडता येत नाही, आणि तो रखवालदार माझ्याकडे बघायला लागला तशी मी दचकून ओठ मिटले. विधेयक मंजूर. आई टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं, इतकं चांगलं बोलली, म्हणजे जिंकलीच.

पक्षाचा आदेश होता — ठाऊक आहे. मतविभाजन झालं असतं तर नावानिशी ‘हो’ म्हणावं लागलं असतं, नाहीतर पद गेलं असतं. कळतं मला, तेवढंच तर काम करते मी. मग ते जिन्यात सांगायचं होतंत. काकूंनी तुम्हाला चार शब्द सुनावले असते आणि जाऊन बसल्या असत्या उन्हात. तेवढं तरी झालं असतं आमच्याकडून.

आणि एक — हे मी सांगणार नव्हते. मी लिहिलं होतं ‘विरोध’. त्याच संध्याकाळी, तुमच्या सहायकाचा फोन यायच्या कितीतरी आधी. ऑफिसातले सगळे जाईपर्यंत थांबले आणि तुमच्या नावापुढे लाल ठिपका ठेवला. कळलं असतं तर नोकरी गेली असती. पण म्हटलं, उठल्या नाहीत, ठीक आहे, भीती वाटली असेल, भीती काय मला माहीत नाही? पण त्या गलक्यात ‘नाही’ तर म्हणाल्याच असतील, म्हणजे मी खोटं काही लिहीत नाहीये. आणि तरी राहवेना, म्हणून सभागृहाचं ध्वनिमुद्रण लावलं. नुसतं तुमचं ‘नाही’ ऐकायला. ते ऐकू आलं की ठिपका खरा. — तुमच्या पुढचा माइक भाषणानंतर चालूच राहिला होता. तीन वर्षं हजेरी घेताना ऐकलाय मी तुमचा आवाज, आधी घसा खाकरणार आणि मग अगदी खालून सुरू करणार. ‘नाही’च्या वेळी त्या माइकवर पिशवीची चेन सरकल्याचा आवाज आहे. आणि त्याच्या आधी, ‘हो’च्या वेळी, घसा खाकरलाय, आणि मग —

नको, काही सांगू नका. ठिपका काढला मी. हिरवाही नाही ठेवला, त्याची चिंता नको. आवाज ओळखीचा वाटला म्हणजे पुरावा होत नाही, असा आमचा नियम आहे, त्या नियमामुळे वाचलात तुम्ही. कोरंच राहील ते. सगळ्यांचंच कोरं आहे.

आईला? नाही सांगितलं. महिनाअखेर घर सोडायचंय, रोज एक खोकं भरतो आम्ही, आणि भरता भरता ती शेजारच्या बायकांना सांगते, आमच्या मॅडम एकट्या लढल्या हो. मी चिकटपट्टी लावत बसते. परवा काकू माझ्याकडूनच दोरी घेऊन गेल्या, मशीन बांधायला. — आली वाटतं. हो, तिच्याच चपला.

निघा तुम्ही. जिन्यात भेटेल ती, दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेईल आणि तुमचे आभार मानेल, मनापासून मानेल, वेळ लावेल. ते घेऊ नका मॅडम. काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, पण आभार तेवढे घेऊ नका.

जा. दार मी लावते.