उजेडातली शिळा

मंडळी, ऐका. एक प्रश्न विचारतो. मोठा माणूस गेला, त्याची समाधी बांधली, तर आत उजेडाची जागा कोणाची? त्याचीच ना? माना डोलावल्यात. राहू द्या, आता गोष्ट ऐका.

एका डोंगरी देशाचे नेते होते यशवंतप्रभू. लढून देश स्वतंत्र केला त्यांनी! ते गेले आणि समाधी रचायचं काम आलं भास्कर स्थपतीकडे. या भास्करचा एकुलता मुलगा त्याच लढाईत, प्रभूंच्या हुकमावरून खिंडीत गेला, तो परतलाच नाही. देहसुद्धा हाती लागला नाही. बापाच्या मनात काय असेल? तरी त्यानं काम घेतलं.

आणि काय रचलं, मंडळी! दार इतकं बुटकं, की राजदूत असो की हमाल, वाकल्याशिवाय आत पाऊल नाही. भिंती काळ्या दगडाच्या, कोऱ्या. ना विजयाचं चित्र, ना नाव. आपण असतो तर? देवळाला बाक दिला तरी पाठीवर नाव घालतो – कोणी टेकून बसलं की देणगीदार गडप! असो. वर घुमट, घुमटाला एकच झरोका. भर दुपारी त्यातून उन्हाचा खांब उतरायचा, तो थेट खालच्या शिळेवर. तिच्याखाली प्रभूंची रक्षा ठेवायची होती.

रक्षा ठेवायच्या आदल्या दिवशी प्रभूंच्या पत्नी उमाबाई आल्या. वाकून आत शिरल्या नि थबकल्या. उन्हातल्या शिळेशेजारी, सावलीत, तसलीच दुसरी शिळा!

सोबतचे मंत्री संतापले. "ही नकाशात नव्हती. कोणाची?"

भास्कर पुढं झाला. "खिंडीत गेलेल्यांची. माझा श्रीरंग त्यांत होता."

उमाबाईंनी शिळेवरून हात फिरवला. "मग त्याचं नाव का नाही कोरलंत?"

"एकट्याचं कोरलं, तर बाकीच्यांच्या आयांनी कुठं बघायचं, बाईसाहेब?"

भास्करला वाटलं, आता पहार लागणार शिळेला. तर बाई मंत्र्यांकडे वळल्या. "उद्या रक्षा या सावलीतल्या शिळेखाली ठेवा. उजेडातली त्या पोरांची."

"पण बाईसाहेब, लोकांना प्रभू दिसणार कसे?"

"डोळे अंधाराला सरावले, की दिसतील."

खिंडीची बातमी आली तेव्हा न आलेलं रडू भास्करला आज आलं.

अजून लोक जातात तिथं. आधी दिसतो बिननावाचा दगड, उन्हात न्हालेला. मग हळूहळू सावलीतून प्रभू दिसू लागतात – आणि केवढे मोठे दिसतात!

आता सांगा, तुमच्या वाट्याचं ऊन तुम्ही कोणाला दिलंत? मला नको, स्वतःला सांगा. आणि ज्यांचं नाव कोणी घेत नाही, त्यांच्यासाठी एकदा मोठ्यानं म्हणा – विठ्ठल!