अस्वलाला ऐकू न आलेली सायकल

रोमानियातल्या आमच्या डोंगराळ मारामुरेशच्या दवाखान्यात माझ्या शेजारी म्हातारा इलारिए गळ्यात हात बांधून बसला होता. त्याच्या पलीकडे त्याची बायको, वेतुरिया.

"सत्तरीत बॅटरीची सायकल हवी होती ना डोंगर चढायला! आता भोगा."

"सायकलीचा काय दोष? वळणावर अस्वल बसलं होतं."

"मग त्याला कळलं नाही तुम्ही येताय ते?"

"आवाजच नाही ना तिला. मला बघून तेच दचकलं. ते झाडीत पळालं, मी ओढ्यात पडलो."

"विकून टाका ती."

"टाकतो. गुडघे गेल्यापासून वरच्या कुरणावर गेलोच नव्हतो. एकदा जाऊन आलो, झालं."

"म्हणजे वरपर्यंत पोचला होता?"

"हो तर! खडा चढ, दगडगोटे, पण हा गडी न थांबता गेला. पडलो ते उतरताना."

ती त्याच्याकडे वळून बसली.

"आपली झोपडी आहे अजून?"

"छप्पर खचलंय. पण तू लावलेलं प्लमचं झाड नुसतं लगडलंय. खाली सडा पडलाय."

"मग एखादं तरी आणायचं!"

"खिसे भरून घेतले होते गं. सगळी ओढ्यात गेली."

नर्सनं नाव पुकारलं. त्याला आधार देऊन उठवताना वेतुरिया म्हणाली,

"ती सायकल चालू कशी करायची, तेवढं मला घरी गेल्यावर दाखवा."