स्टेकसोबतचे द्राक्षासव

(पुलगाव. संध्याकाळचे स्वयंपाकघर. चुलीवर लोखंडी तवा.)

गोपिका : पिशवीत बाटली हाय. मले आवाज आला. दारूबंदी मंडळाची अध्यक्ष मी, अन् माह्याच घरात बाटली आणून राह्यले तुम्ही?

मधुकरराव : गोपिके, क्रोध आवर. आज सूनबाईंचा वाढदिवस. पुण्यात असताना आपला शुभम आणि ती या दिवशी घरी स्टेक, म्हणजे तव्यावर भाजलेला मांसाचा जाड तुकडा, करीत आणि सोबत स्वस्तातली रेड वाईन घेत. शुभम ट्रेनिंगला गेला म्हणून का तिचा वाढदिवस सुना जावा? मांडीचे मटण मी सकाळीच कच्च्या पपईत मुरवले आहे. उरली वाईन.

गोपिका : तेच इचारलं होतं तिनं. "आई, इथे वाईन कुठे मिळते?" मी म्हटलं, असे शौक घेऊन या दारूबंदीच्या वर्धा जिल्ह्यात काऊन आलीस बाई? तवापासून माह्याशी एक शब्द नाई.

मधुकरराव : आणि उद्या ती माहेरी निघाली आहे. परत कधी येणार विचारले, तर "बघू" म्हणाली. त्या "बघू"चा मला घोर लागला आहे. म्हणून मी शब्दकोश उघडला. वाईन, म्हणजे द्राक्षासव. आणि पाहतो तो काय, आपल्या मेडिकलमध्ये साक्षात उभे! कायद्यास बाध नाही, दरही माफक.

गोपिका : दाखवा इकडं... अगं माय! हे तं अशक्तपणाचं औषध हाय. शुभमच्या बाळंतपणाच्या वक्ताले माह्या मायनं मले हेच पाजलं होतं.

मधुकरराव : म्हणजे अध्यक्षांनी पूर्वीच प्राशन केले आहे. उत्तम.

अंकिता : (आत येत) बाबा, केवढा धूर! काय जळतंय?

मधुकरराव : जळत नाही, सूनबाई, खरपूस होत आहे. लाल मांसासोबत लाल वाईन, हा नियम मला ठाऊक आहे. हा पेला घ्यावा.

अंकिता : (बाटलीवरचे वाचत) "द्राक्षासव. जेवणानंतर दोन चमचे, समभाग पाण्यातून..." बाबा!

मधुकरराव : आपण हसत आहात की रडत आहात?

अंकिता : दोन्ही. धुरानं. पेल्यातून नको बाबा, फार गोड असतं हे. पण थांबा, तव्यात मटणाचा रस उरलाय ना? आम्ही वाईन त्यातच आटवायचो. आई... मिरे कुठे आहेत?

गोपिका : फळीवर, पितळी डब्यात. सरक, मी कुटून देतो. तुले जाडेभरडे पायजे का बारीक?

अंकिता : जाडेभरडे. आणि बाबा, तुम्ही ओता. हळू! अख्खी बाटली नाही!

गोपिका : त्यायले हळू मालूमच नाई. लगनातबी असेच घाईत होते.

मधुकरराव : सुगंध पाहा! लवंग, दालचिनी, द्राक्षे. मी म्हटले होते.

अंकिता : आई, आधी तुम्ही चाखा.

गोपिका : मी? ...हं. आंबट-गोड हाय. मटनाले लय झ्याक लागते.

मधुकरराव : म्हणजे शब्दकोश चुकला नाही.

अंकिता : चुकला, बाबा. ही वाईन नाहीच. पण स्टेकला शोभते.

गोपिका : अर्धी बाटली उरली ना वो. उघडलेलं औषध टिकते का?

मधुकरराव : वेष्टनावर तसा उल्लेख नाही.

अंकिता : टिकेल, आई. सोमवारी येतेच आहे मी.